काम चालू असताना कर्सर: कधी बदलायचा, कसा परत आणायचा

कांद्याच्या हंगामात लासलगावच्या आडत्याच्या गाळ्यावर दुपारी हिशोबपट्ट्यांची घाई असते. मुनीम ‘पट्टी छापा’ दाबतो. वजन, भाव, हमाली, तोलाई जुळवून पट्टी तयार व्हायला चार सेकंद लागतात आणि तेवढा वेळ पडद्यावर काहीच हलत नाही. मुनीम पुन्हा दाबतो, मग जरा जोरात पुन्हा. एकाच ट्रॅक्टरच्या तीन पट्ट्या तीन वेगळ्या नंबरांनी बाहेर पडतात आणि संध्याकाळी रोकड जुळत नाही.

नाशिकमध्ये आडत, द्राक्षांची पॅकहाउसं, अंबड-सातपूरची वर्कशॉप्स आणि सराफांच्या पेढ्या यांच्यासाठी विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना ही तक्रार पाठ असते. उपाय म्हणून बहुतेक जण एक ओळ टाकतात: काम सुरू होताना कर्सर बदला. त्या ओळीने अर्धंच काम होतं. फिरणारं चक्र माणसाला ‘थांबा’ म्हणतं, पण त्याचा हात धरत नाही. म्हणून या लेखात तीन गोष्टी वेगवेगळ्या घेतल्या आहेत: चक्र दाखवणं, ते नक्की परत काढणं आणि मधल्या काळातले क्लिक अडवणं. फंक्शनांची नावं बोलतो तशी लिहिली आहेत. टाइप करताना एडिटर ती सुचवेलच.

कोणता कर्सर, किती वेळासाठी

विंडोजमध्ये कामाचे कर्सर दोन आहेत आणि त्यांचा अर्थ एक नाही. नुसतं चक्र (एक्सपीपर्यंत वाळूचं घड्याळ, २००७ च्या व्हिस्टापासून निळं वर्तुळ) म्हणजे ‘आत्ता काही करू नका’. बाण आणि शेजारी छोटं चक्र म्हणजे ‘मागे काम चालू आहे, तुम्ही तुमचं चालू ठेवा’. रिपोर्ट दुसऱ्या थ्रेडवर (प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर) तयार होत असेल आणि मुनीम तोवर पुढची आवक नोंदवू शकत असेल, तर बाण-चक्र दाखवा. तिथे पूर्ण चक्र दाखवलं तर तो विनाकारण हातावर हात ठेवून बसेल.

वेळेसाठी वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादा आजही पुरतात. ०.१ सेकंदापर्यंतचं काम तत्काळ झालं असं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, १० सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जातं. कामाच्या भाषेत सांगायचं तर अर्ध्या सेकंदाच्या आतल्या कामाला कर्सर बदलू नका, तो नुसता लुकलुकतो आणि सॉफ्टवेअर धापा टाकतंय असं वाटतं. साधारण अर्धा ते दोन-तीन सेकंदांसाठी कर्सर पुरे. त्यापुढे काम पार्श्वभूमीच्या थ्रेडवर न्या. १० सेकंदांच्या पुढे कर्सरवर भागवूच नका. प्रोग्रेस बार आणि ‘रद्द करा’ हे बटण हवंच.

या वेळा ऑफिसमधल्या नव्या मशीनवर मोजू नयेत. गाळ्यावरचा जुना पीसी, वायफायवरचा सर्व्हर आणि तीन हंगामांचा साठलेला डेटा असं सगळं जमलं, की तुमच्याकडचं ०.४ सेकंदाचं काम तिथे चार सेकंदांचं होतं.

कर्सर आपोआप का बदलतो

हे समजलं की पुढच्या निम्म्या चुका टळतात. माउस खिडकीवर हलला की विंडोज त्या खिडकीला ‘सेट-कर्सर’ हा मेसेज पाठवतं: तुझा कर्सर कोणता? खिडकी आपला नेहमीचा कर्सर सांगते, बहुधा बाण. म्हणजे तुम्ही चक्र लावलंत आणि थ्रेड मेसेज वाचत राहिला, तर माउस हलताच चक्र जाऊन बाण येणार.

मग साध्या प्रोग्राममध्ये एका ओळीचं चक्र टिकतं कसं? कारण लांबलचक कामात यूआय थ्रेड (खिडक्या आणि क्लिक सांभाळणारा धागा) अडकलेला असतो, मेसेज वाचतच नाही, म्हणून कर्सर कोणी बदलत नाही. चक्र टिकतं ते प्रोग्राम बहिरा झालाय म्हणून. त्याच फंक्शनमध्ये कोणी ‘डू-इव्हेंट्स’ (साठलेले मेसेज मधेच वाचायला लावणारी आज्ञा) टाकलं किंवा काम ‘असिंक-अवेट’वर (थ्रेड न अडवता काम संपण्याची वाट पाहण्याच्या सोयीवर) नेलं, की थ्रेड पुन्हा ऐकू लागतो आणि चक्र गायब होतं. ‘आधी चालत होतं, आता दिसत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

विनफॉर्म्समध्ये (डॉटनेटमधली खिडक्या बनवण्याची जुनी पद्धत) म्हणूनच दोन वेगळे मार्ग आहेत. ‘कर्सर डॉट करंट’ लगेच बदलतं, पण टिकतं फक्त थ्रेड अडकलेला असेपर्यंत. ‘यूज-वेट-कर्सर’ हा गुणधर्म उलट आहे: सेट-कर्सर मेसेजला उत्तर देताना चक्र सांगतो, त्यामुळे थ्रेड मोकळा असला तरी टिकतो, मात्र पुढचा मेसेज येईपर्यंत दिसत नाही. अडकणाऱ्या कामाला पहिला, ‘अवेट’वाल्या कामाला दुसरा. एकाच कामात दोन्हींची खिचडी करू नका, अपवाद फक्त पुढे सांगितलेल्या परतीच्या वेळेचा.

मूळ कृती

अर्धा ते तीन सेकंदांचं, यूआय थ्रेडवरच चालणारं काम धरा. क्रम असा:

१. आधी इनपुट तपासा. पट्टीत वजन शून्य असेल किंवा भाव टाकलेला नसेल तर चक्र लावण्याआधीच सांगा. तपासणी आत ठेवली की मधूनच ‘रिटर्न’ होतं आणि चक्र तसंच राहतं.

२. आत्ताचा कर्सर एका व्हेरिएबलमध्ये ठेवा.

३. चक्र लावा.

४. काम ‘ट्राय’मध्ये लिहा.

५. ‘फायनली’मध्ये (एरर आली तरी चालणाऱ्या भागात) ठेवलेला जुना कर्सर परत लावा. ‘डिफॉल्ट’ लावू नका, जुनाच लावा.

पाचव्या पायरीत ‘जुनाच’ यावर जोर आहे, कारण फंक्शनं एकमेकांत अडकतात. ‘दिवसाचा हिशोब’ हे फंक्शन चक्र लावतं आणि आतून ‘पट्टी काढा’ला बोलावतं, तेही चक्र लावतं आणि संपताना बाण आणतं. बाहेरचं काम अजून चालू असताना बाण दिसतो आणि मुनीम क्लिक करतो. जुना कर्सर जपला तर आतलं फंक्शन चक्रच परत लावेल.

प्रत्येक फंक्शनमध्ये हा क्रम हाताने लिहिणं म्हणजे कधीतरी विसरणं. त्यापेक्षा छोटा क्लास करा: तयार होताना चक्र लावेल, ‘डिस्पोज’ होताना काढेल, आणि तो ‘यूजिंग’ ब्लॉकमध्ये वापरा. थ्रेडशी संबंध येत असेल तर आत मोजणीचा आकडा ठेवा: पहिला आला की चक्र लावा, शेवटचा गेला की काढा. सी प्लस प्लसमध्ये हीच गोष्ट कन्स्ट्रक्टर-डिस्ट्रक्टरने होते. एमएफसीमधला ‘सी-वेट-कर्सर’ आणि डब्ल्यूएक्सविजेट्समधला ‘डब्ल्यूएक्स-बिझी-कर्सर’ नेमके तेच आहेत, व्हेरिएबल जाहीर केलं की काम झालं.

व्हीबी-६ मधलं सॉफ्टवेअर जिल्ह्यात अजून पुष्कळ चालतं, आणि तिथे ‘फायनली’ नाही. ‘स्क्रीन डॉट माउसपॉइंटर’ला ११ दिलं की वाळूचं घड्याळ येतं, ० दिलं की जातं, आणि ते आपण होऊन कधीच जात नाही. म्हणून फंक्शनच्या शेवटी ‘बाहेर’ असं एकच लेबल ठेवा, त्यात पॉइंटर शून्य करा आणि एरर-हँडलर मेसेज दाखवून ‘रिझ्यूम’ने तिथेच येऊ द्या. मधे ‘एक्झिट सब’ लिहिण्यावर बंदी घाला. मेसेज बॉक्स दाखवण्याआधी पॉइंटर शून्य करायलाही विसरू नका. ‘नेटवर्क सापडलं नाही, ओके दाबा’ असं म्हणायचं आणि वर घड्याळ दाखवायचं, हे चालणार नाही.

इतर टूलकिटमधल्या खोड्या

डॉटनेटच्याच डब्ल्यूपीएफमध्ये ‘माउस डॉट ओव्हरराइड-कर्सर’ला ‘वेट’ द्या आणि संपल्यावर ‘नल’ करा. तो सगळ्या खिडक्यांवर लागू होतो आणि थ्रेड मोकळा असला तरी टिकतो, त्यामुळे काम सोपं आहे.

सी प्लस प्लसच्या क्यूटीमध्ये ‘सेट-ओव्हरराइड-कर्सर’ चळतीसारखं चालतं, ताटावर ताट ठेवावं तसं. दोनदा ठेवलंत तर ‘रिस्टोअर-ओव्हरराइड-कर्सर’ही दोनदा हवं. एरर आल्यावर एक रिस्टोअर चुकलं की चक्र प्रोग्राम बंद होईपर्यंत जात नाही. शिवाय हा कर्सर क्यूटीच्या स्वतःच्या मेसेज बॉक्सवरही दिसतो. बॉक्स उघडण्याआधी तो काढावाच लागतो. इथे वर सांगितल्यासारख्या छोट्या गार्ड क्लासला पर्याय नाही.

जावा स्विंगमध्ये फ्रेमला चक्र लावून ग्लास पेन (खिडकीवरचा पारदर्शक थर) दाखवणं ही मळलेली वाट आहे. ग्लास पेनवर कर्सर लावा आणि त्याला रिकामा माउस लिसनर जोडा. लिसनर नसेल तर क्लिक खालच्या बटणांपर्यंत पोचतात. कीबोर्ड मात्र ग्लास पेन अडवत नाही, फोकस तिथे वेगळा आणावा लागतो. काम ‘स्विंग-वर्कर’मध्ये.

पायथॉनच्या टीकेइंटरमध्ये मुख्य खिडकीला ‘वॉच’ कर्सर दिल्यावर काम सुरू करण्याआधी ‘अपडेट’ बोलवा, नाहीतर बदल पडद्यावर येईपर्यंत काम संपलेलं असतं. एन्ट्रीच्या चौकटीला स्वतःचा लिहिण्याचा कर्सर असतो, तिथे चक्र दिसत नाही. तिला वेगळं सांगावं लागतं.

मॅकवर रंगीत चेंडू प्रोग्राम प्रतिसाद देईनासा झाला की सिस्टिमच दाखवते. तो आपण आणायचा नसतो, तो येऊच नये हे पाहायचं असतं.

रांगेतले क्लिक

आता त्या तीन पट्ट्यांकडे येऊ. यूआय थ्रेड अडकलेला असताना मुनीमाने केलेले क्लिक हरवत नाहीत, ते मेसेजच्या रांगेत उभे राहतात. काम संपून थ्रेड मोकळा झाला की एकेक क्लिक पुढे येतो आणि पट्टी पुन्हा निघते. चक्र दिसत होतं की नव्हतं, याचा याच्याशी काही संबंध नाही.

यावर सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे बटण निकामी करणं: सुरुवातीला ‘एनेबल्ड’ खोटं, काम, शेवटी ‘एनेबल्ड’ खरं. हे अडकणाऱ्या कामात चालत नाही, आणि का चालत नाही ते पाहण्यासारखं आहे. क्लिक कोणत्या खिडकीला द्यायचा हे विंडोज तो रांगेतून बाहेर काढताना ठरवतं. तुम्ही त्याच फंक्शनमध्ये बटण परत चालू केलंत, फंक्शन संपलं, आणि मग रांग हलली. क्लिक पोचेपर्यंत बटण जिवंत झालेलं असतं. निकामी असण्याचा काळ रांगेने पाहिलाच नाही.

‘बिगिन-इन्व्होक’ने चालू करणं थोडं उशिरा ढकलूनही विनफॉर्म्समध्ये भागत नाही. पोस्ट केलेले मेसेज माउस-कीबोर्डच्या मेसेजांआधी वाचले जातात, म्हणजे बटण पुन्हा आधीच जागं होतं. डब्ल्यूपीएफमध्ये मात्र डिस्पॅचरला प्राधान्य सांगता येतं: ‘ॲप्लिकेशन-आयडल’ हे इनपुटपेक्षा खालचं आहे, तिथून बटण चालू केलं तर रांगेतले क्लिक आधी वाया जातात.

विनफॉर्म्समध्ये अगदीच थ्रेड वापरायचा नसेल तर बटण निकामी असतानाच, शेवटून दुसऱ्या ओळीत एकदा ‘डू-इव्हेंट्स’ बोलवा. साठलेले क्लिक मेलेल्या बटणावर पडून संपतात. पण त्याच वेळी बाकीची बटणं, मेन्यू, खिडकी बंद करण्याची फुली हे सगळं जिवंत असतं. मधेच फॉर्म बंद झाला तर पुढची ओळ नसलेल्या फॉर्मला हात घालते. म्हणून नुसतं बटण नको, सगळे कंट्रोल ज्या पॅनेलवर आहेत ते पॅनेल निकामी करा आणि ‘फॉर्म-क्लोजिंग’मध्ये काम चालू असल्याचा झेंडा (खरं-खोटं सांगणारं व्हेरिएबल) तपासून बंद होणं रोखा.

फॉर्मच निकामी का नाही करायचा? कारण निकामी खिडकीवर विंडोज साधा बाण दाखवतं, तुमचं चक्र दिसतच नाही. पॅनेल निकामी असेल तर कर्सरचा प्रश्न वरच्या फॉर्मकडे जातो आणि चक्र टिकतं.

इतकं करूनही डेटाबेसमध्ये शेवटची कडी घालाच. काटापट्टीचा (भुईकाट्यावरच्या वजनाच्या पावतीचा) नंबर हिशोबपट्टीच्या टेबलमध्ये युनिक ठेवा. मग कुठूनही दुसरा क्लिक सुटला तरी दुसरी पट्टी साठवली जाणार नाही.

तीन सेकंदांच्या पुढे: थ्रेड

यूआय थ्रेडने ५ सेकंद मेसेज वाचले नाहीत, की विंडोज त्या खिडकीला अडकलेली मानतं. वापरणाऱ्याने क्लिक केलं की खिडकी पांढुरकी होते, वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येतं. जी दिसते ती तुमची खिडकीही नसते, तिच्या जागी विंडोजने उभी केलेली बाहुली असते. फुली दाबली की प्रोग्राम बंद करू का असं विचारलं जातं, आणि हिशोब अर्ध्यावर असताना ‘हो’ म्हटलं जातं. हे टाळायचा सरळ मार्ग एकच: काम दुसऱ्या थ्रेडवर.

डॉटनेटमध्ये २००५ पासून ‘बॅकग्राउंड-वर्कर’ आणि २०१२ पासून ‘असिंक-अवेट’ आहे. नव्या कोडमध्ये दुसरं वापरा. क्रम असा जातो: पॅनेल निकामी, ‘यूज-वेट-कर्सर’ खरं, मग ‘ट्राय’मध्ये ‘अवेट टास्क डॉट रन’, आणि ‘फायनली’मध्ये दोन्ही उलट. थ्रेड मोकळा असल्याने क्लिक रांगेत साठत नाहीत, निकामी पॅनेलवर लगेच वाया जातात. वरची सगळी कसरत इथे लागत नाही.

तरी चार गोष्टी चुकतात.

कर्सर कामाच्या थ्रेडमधून बदलण्याचा प्रयत्न होतो. कर्सर ज्या थ्रेडची खिडकी आहे त्याच्याशी बांधलेला असतो. दुसऱ्याने लावलेला पडद्यावर येत नाही. लावणं-काढणं दोन्ही यूआय थ्रेडवरच.

काम संपूनही चक्र राहतं, माउस जरा हलवला की जातं. ‘यूज-वेट-कर्सर’ खोटं केलं तरी सेट-कर्सर मेसेज आलेला नसतो. काढताना सोबत ‘कर्सर डॉट करंट’ला ‘डिफॉल्ट’ द्या, किंवा कर्सरची जागा वाचून तीच परत लिहा. एवढ्या हालचालीने मेसेज येतो.

चक्र अर्ध्या सेकंदाने दाखवावं म्हणून टायमर लावला जातो, आणि काम यूआय थ्रेडवरच असतं. टायमरही मेसेजच्याच रांगेतून येतो, तोही सगळ्यांच्या शेवटी. तो वाजेल तेव्हा काम संपलेलं असेल. उशिराचं चक्र फक्त थ्रेडवरच्या कामाला शोभतं: ५०० मिलिसेकंदांत टास्क संपली तर काही नको, नाहीतर लावा.

प्रोग्रेस बार प्रत्येक ओळीला हलवला जातो. ४० हजार ओळींचा वार्षिक रिपोर्ट असेल तर ४० हजार मेसेज यूआयवर कोसळतात आणि मोकळा केलेला थ्रेड पुन्हा गुदमरतो. १०० मिलिसेकंदांतून एकदा पुरे, पाहणाऱ्याला त्याहून जास्तची गरज नसते.

न संपणारं काम

चक्र लावून जे काम करता ते कधीतरी संपणार, अशी खात्री आधी करून घ्या. सीक्वेल सर्व्हरच्या जोडणीला डॉटनेटमध्ये डिफॉल्ट १५ सेकंद मिळतात आणि कमांडला ३०. सर्व्हरचा पीसी बंद असेल तर चक्र पंधरा सेकंद फिरून मग एरर दाखवणार. गाळ्यातल्या गाळ्यात असलेल्या सर्व्हरसाठी ५ सेकंद भरपूर होतात. भुईकाट्याचं प्रकरण याहून वाईट. सीरियल पोर्टच्या ‘रीड-टाइमआउट’ची डिफॉल्ट किंमत ‘अनंत’ आहे. काट्याची केबल सैल झाली की ‘रीड-लाइन’ परत येतच नाही आणि चक्र ट्रॅक्टर निघून गेला तरी फिरत राहतं. तिथे २००० मिलिसेकंद ठेवा आणि वेळ संपल्यावर ‘काट्याकडून वजन आलं नाही, केबल तपासा’ असं नेमकं सांगा.

पॅकहाउसमध्ये टचस्क्रीन असतील तर कर्सर दिसतच नाही. तिथे बटणावरची अक्षरंच बदला: ‘छापा’चं ‘छापतोय…’. खरं तर हे माउसवाल्या मशीनवरही करावं, कारण पटापट नोंदी करणारा माणूस एंटर आणि फंक्शन-कीवर चालतो, त्याची नजर कर्सरवर नसते. एफ-९ ला पट्टी छापण्याचं काम दिलं असेल तर त्या शॉर्टकटच्या फंक्शनमध्येही तोच झेंडा तपासा. बटण निकामी करून शॉर्टकट उघडा ठेवणं ही फार वेळा राहणारी फट आहे.

देण्याआधी तपासणी

कामाच्या फंक्शनमध्ये ८ सेकंदांची झोप घाला, म्हणजे ५ सेकंदांची सीमा ओलांडली जाईल. मग बटण दाबून ते चालू असताना माउस खिडकीभर फिरवा, टेक्स्टबॉक्सवर न्या, बाहेर काढून परत आणा. चक्र प्रत्येक ठिकाणी दिसलं पाहिजे. त्याच बटणावर पाच क्लिक करा, एंटर दाबा, शॉर्टकट दाबा, फुली दाबा. आठ सेकंदांनी नोंद एकच झालेली असावी. नंतर झोपेच्या जागी मुद्दाम एरर फेका आणि मेसेज बॉक्सवर बाण आहे ना, ओके नंतर फॉर्मवर बाण आला ना, हे माउस न हलवता पाहा. शेवटी काम चालू असताना नेटवर्कची केबल काढा, आणि काट्याचं सॉफ्टवेअर असेल तर काट्याचीही.